खांद्याच्या हाडांची साक्ष

मराठी भाषेनें खांद्यावर पुष्कळ भार टाकला आहे. संसाराची धुरा खांद्यावर येते, कर्ता मुलगा बापाच्या खांद्यावरचें ओझें उतरवितो, मित्र खांद्याला खांदा लावून उभे राहतात, आणि अखेरच्या प्रवासाला चौघेजण खांदा देतात. इतकीं जड कामें ज्या अवयवाच्या नांवावर मांडलीं गेलीं, त्याची घडण मात्र स्थैर्यापेक्षां हालचालीला अधिक अनुकूल आहे. निसर्गानें त्याला नेमून दिलेलें काम एक आणि मनुष्यानें त्याच्याकडून करून घेतलेलें काम दुसरें, अशी त्याची स्थिति आहे. आणि या ओढाताणीच्या खुणा हाडांवर उमटतात.

मनुष्य मरण पावल्यावर त्वचा, मांस व स्नायु लवकरच मातींत मिसळून जातात. पण अनुकूल जमिनींत हाडें हजारों वर्षें टिकूं शकतात. उत्खननांत सांपडलेल्या प्राचीन सांगाड्यांचे खांदे आणि अलीकडच्या काळांत वैद्यकीय संग्रहांत जपून ठेवलेल्या सांगाड्यांचे खांदे शेजारीं शेजारीं ठेवून पाहिले, म्हणजे मनुष्याच्या श्रमाचा, वार्धक्याचा आणि वैद्यकविद्येचा एक दीर्घ वृत्तांत हातीं लागतो. मात्र हा वृत्तांत वाचतांना वाचणारे विद्वान् कोठें कोठें चुकले, हेंही त्यांतच आलें पाहिजे. कारण त्या चुकांची किंमत कित्येक जिवंत माणसांच्या खांद्यांना द्यावी लागली आहे.

प्रथम सांध्याची रचना समजून घेणें अवश्य आहे. खांद्यांत तीन हाडें एकत्र येतात. पाठीवर पंख्यासारखें पसरलेलें त्रिकोणी हाड तें खवाट्याचें. प्राचीन वैद्यांनीं त्याला अंसफलक म्हटलें आहे. गळ्याखालीं आडवें असणारें हाड म्हणजे हांसळी, आणि तिसरें दंडाचें हाड. दंडाच्या हाडाचें वरचें टोक चेंडूसारखें गोल असतें व तें खवाट्याच्या हाडावरील एका खोलगट जागेंत बसतें. अशा सांध्याला मराठींत उखळीचा सांधा म्हणतात. खुब्याचा सांधाही याच जातीचा. पण खुब्याची उखळ खोल असून मांडीच्या हाडाचा गोळा तींत चांगला रुतून बसलेला असतो. खांद्याची उखळ त्या मानानें अगदींच उथळ. बशीवर मोसंबें ठेवावें, तसा दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यावर टेकलेला असतो.

या उथळपणामुळेंच हात डोक्यावर नेतां येतो, पाठीमागें वळवितां येतो, छातीवरून पलीकडे पोहोंचवितां येतो. शरीरांतील दुसरा कोणताही सांधा इतक्या दिशांनीं फिरत नाहीं. पण त्याच उथळपणामुळें मोठ्या सांध्यांपैकीं सर्वांत अधिक वेळां निखळणारा सांधाही हाच. गोळा जागच्या जागीं धरून ठेवण्याचें काम हाडांपेक्षां चार लहान स्नायूंकडे अधिक आहे; त्यांच्या कंडरा एकत्र येऊन गोळ्याभोंवतीं एक पट्टा तयार होतो. या पट्ट्यावर छपराप्रमाणें खवाट्याच्या हाडाचें एक टोक पुढें आलेलें असतें. त्याला अंसकूट असें नांव आहे. खांद्यावर हात ठेवला असतां सर्वांत वर जें टणक टोक हाताला लागतें, तें हेंच. अंसकूट आणि हांसळीचें बाहेरचें टोक यांच्यामध्यें आणखी एक लहानसा सांधा आहे. कंडरांचा पट्टा, त्यावरील छप्पर आणि हा लहान सांधा, या तिहींचा संबंध पुढील हकीकतींत वारंवार येईल.

जिवंतपणीं सांध्यांतील हाडांचीं टोकें कूर्चेच्या गुळगुळीत थरानें मढविलेलीं असतात. हा थर झिजूं लागला म्हणजे हाडाच्या कडेला नवे कंगोरे फुटतात आणि पृष्ठभागावर टांचणीनें टोंचल्यासारखीं बारीक छिद्रें पडतात. कूर्चा पार नाहींशी होऊन हाडावर हाड घांसूं लागलें, म्हणजे घांसलेली जागा हस्तिदंतासारखी चकचकीत होते. हाडावरील माती धुवून काढल्यावर कित्येक शतकांपूर्वींची ही झिलई दिव्याच्या प्रकाशांत आजही चमकते. ती दिसली म्हणजे सांध्याची झीज झाली होती, याबद्दल संशय उरत नाहीं. नुसत्या कंगोऱ्यांवरून मात्र तसा निर्णय देतां येत नाहीं. कारण केंस पांढरे व्हावे तसे ते वयाबरोबर पुष्कळांच्या हाडांवर येतातच.

या खुणा मोठ्या प्रमाणावर तपासण्याची संधि विसाव्या शतकाच्या आरंभीं इजिप्तमध्यें आली. अस्वानच्या धरणाची उंची वाढवावयाची असल्यामुळें नाईल नदीच्या कांठचीं न्यूबिया प्रांतांतील जुनीं दफनस्थानें पाण्याखालीं जाणार होतीं. तेव्हां इ. स. १९०७ पासून तेथें उत्खनन होऊन हजारों सांगाडे बाहेर काढले गेले, आणि ग्रॅफ्टन एलियट स्मिथ व फ्रेडरिक वुड जोन्स या शारीरशास्त्रज्ञांनीं ते तपासले. सर्व कालखंडांतील सांगाड्यांत सर्वांत अधिक वेळां आढळणारा रोग सांध्यांचाच निघाला. त्यानंतर जगाच्या निरनिराळ्या भागांत जे सांगाडे तपासले गेले, त्यांवरूनही सांध्यांची झीज हें मानवाचें फार जुनें दुखणें आहे असें दिसून आलें. खांद्यापुरतें पाहिलें तर उखळीच्या मुख्य सांध्यावर हस्तिदंती झिलई क्वचित् आढळते. पण अंसकूट व हांसळी यांच्यामधील लहान सांधा मात्र उतारवयाच्या सांगाड्यांत वारंवार झिजलेला दिसतो. प्राचीन काय आणि अर्वाचीन काय, या बाबतींत माणसामाणसांत फारसा भेद नाहीं.

दुखणें जुनें, तसे त्यावरील उपायही जुने आहेत. इ. स. १८६२ मध्यें एड्विन स्मिथ या अमेरिकन गृहस्थानें इजिप्तमध्यें एक जुनें भूर्जपत्रासारखें लिखाण विकत घेतलें. ख्रिस्तपूर्व १६०० च्या सुमारास नक्कल केलेल्या त्या शस्त्रवैद्यकाच्या ग्रंथांत ४८ रुग्णांचीं वर्णनें असून त्यांत हांसळीचें हाड निखळलेला एक आणि तें मोडलेला एक, असे दोन रुग्ण आहेत. त्याच देशांत थीब्ज येथें, दुसऱ्या रामसीस राजाच्या काळांतील इपुय नांवाच्या शिल्पकाराच्या थडग्यांत, कामावर असलेल्या मजुरांचीं चित्रें रंगविलेलीं आहेत. त्यांतील एका चित्रांत जमिनीवर पडलेल्या मजुराचा हात दुसरा मनुष्य विशिष्ट रीतीनें धरून वळवीत आहे. निखळलेला खांदा बसविण्याचाच तो प्रकार असावा, असें अभ्यासकांचें मत आहे. इ. स. १८७० मध्यें स्वित्झर्लंडमधील शस्त्रवैद्य कोखर यानें जी रीत प्रसिद्ध केली, तिच्याशीं या चित्राचें साम्य त्यांना दिसतें.

ग्रीसमध्यें हिपोक्राटीसच्या नांवावर असलेल्या सांध्यांविषयींच्या ग्रंथाचा आरंभच खांद्यापासून होतो. रुग्णाला उताणें निजवून वैद्यानें आपली टांच त्याच्या कांखेंत लावावी आणि हात दोन्ही हातांनीं ओढावा, ही त्यांतील रीत पुढें दोन हजार वर्षें चालत राहिली. आपल्या देशांत सुश्रुतानें सांध्यांचे आठ प्रकार सांगून कांखेंतील व जांघेंतील सांध्याला उलूखल, म्हणजे उखळ, हेंच नांव दिलें. निखळलेल्या सांध्यांचे सहा प्रकार त्यानें वर्णिले; आणि खांदा निखळला असतां कांखेंत मुसळ घालून ती वर उचलावी, सांधा जागेवर आला म्हणजे स्वस्तिकाच्या आकाराची पट्टी बांधावी, असा उपाय दिला. उखळीच्या सांध्यावर मुसळाचा उपाय ऐकून आज कोणास हंसूं येईल. पण कांखेंत आधार देऊन हात ओढणें हें तत्त्व ग्रीक टांचेचें आणि भारतीय मुसळाचें एकच आहे. यापुढें जाऊन, खांद्यांत वायु राहून तेथील बंध सुकतात, शिरा आकुंचित होतात व हात उचलेनासा होतो, अशा एका रोगाचें वर्णन सुश्रुतानें अवबाहुक या नांवानें केलें आहे. त्याच्याकडे शेवटीं पुन्हां वळावें लागेल.

ज्यांना असा वैद्य लाभला नाहीं, त्यांचेही खांदे जमिनींत सांपडतात. दंडाच्या हाडाचा गोळा उखळींतून पुढें घसरून तेथेंच राहिला, तर कालांतरानें खवाट्याच्या हाडावर त्या जागीं दुसरी, खोटी उखळ तयार होते. मूळ उखळ ओसाड पडते आणि नव्या उखळीच्या कडा हात हलत राहिल्यामुळें गुळगुळीत होतात. असा सांगाडा सांगतो कीं, हा मनुष्य खांदा निखळल्यावर वर्षानुवर्षें जगला आणि त्याच हातानें जमेल तेवढें काम करीत राहिला. याहूनही जुनें उदाहरण इराकमधील कुर्दिस्तानांत, शानिदर नांवाच्या गुहेंत सांपडलें. इ. स. १९५७ मध्यें राल्फ सोलेकी या अमेरिकन पुराणवस्तुशास्त्रज्ञाला तेथें निअँडरथल जातीच्या एका पुरुषाचा सांगाडा मिळाला. त्याचा काळ सुमारें ४५,००० वर्षांहून अलीकडचा नाहीं. या पुरुषाच्या डाव्या डोळ्याच्या खाचेला जबर मार लागलेला होता. उजव्या बाजूची हांसळी, खवाट्याचें हाड व दंडाचें हाड हीं तिन्ही हाडें डाव्या बाजूच्या मानानें खुरटलेलीं होतीं, आणि कोपराखालचा हात तर गेलेलाच होता. या सर्व जखमा भरून आलेल्या होत्या. एरिक ट्रिंकॉस यांनीं हा सांगाडा बारकाईनें अभ्यासून असें दाखविलें कीं, हें अपंगत्व येऊन पुष्कळ वर्षें लोटल्यावर, त्या काळच्या मानानें उतारवयांत, त्याला मृत्यु आला. एका निकामी खांद्याचा मनुष्य शिकारी टोळींत इतकीं वर्षें जगला, याचा अर्थ त्याचे सोबती त्याला टाकून गेले नाहींत, असा पुष्कळांनीं लावला आहे. हाडांनीं प्रत्यक्ष सांगितलें तें इतकेंच, कीं तो जगला. पण तेवढेंही थोडें नाहीं.

एका मनुष्याचें आयुष्य खांद्यावरून असें वाचतां येतें, तर त्याचा धंदाही वाचतां येईल काय, असा प्रश्न सहजच उत्पन्न होतो. जात्यावर बसणारी स्त्री, वल्हें मारणारा नावाडी, पाठीवर पोतें घेणारा हमाल, यांच्या खांद्यांना निरनिराळ्या प्रकारचा ताण पडतो. मग त्यांची झीजही निराळी व्हावयास नको काय? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या कल्पनेनें अनेक विद्वानांना मोहविलें. चार्ल्स मर्ब्ज यांनीं कॅनडाच्या उत्तरेस हडसन उपसागरांतील साउथॅम्प्टन बेटावर राहणाऱ्या एस्किमो लोकांचे, म्हणजे ज्यांना आतां इन्युइट म्हणतात त्यांचे, सांगाडे तपासले. सॅडलर्मिउट नांवाची ही जमात इ. स. १९०२-०३ च्या हिंवाळ्यांत सांथीनें नामशेष झाली होती. पुरुषांच्या खांद्या-कोपरांतील झिजेचा संबंध त्यांनीं होडी वल्हविण्याशीं व भाला फेंकण्याशीं जोडला. स्त्रियांच्या हातांतील व जबड्यांतील झिजेचा संबंध कातडीं शिवण्याशीं व चावून मऊ करण्याशीं जोडला. सीरियामध्यें फरात नदीच्या कांठीं अबू हुरेरा येथील आद्य शेतकऱ्यांच्या सांगाड्यांचा अभ्यास थेया मॉलसन यांनीं केला. गुडघे टेकून पाट्यावर धान्य भरडणाऱ्या स्त्रियांच्या श्रमाच्या खुणा त्यांना पायांचीं बोटें, गुडघे आणि पाठीचा कणा यांवर दिसल्या.

यापैकीं सर्वांत गाजलेलें उदाहरण समुद्राच्या तळाशीं सांपडलें. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचें मेरी रोझ नांवाचें लढाऊ जहाज १९ जुलै १५४५ रोजीं पोर्ट्समथजवळ बुडालें व त्याबरोबर शेंकडों माणसें बुडालीं. इ. स. १९८२ मध्यें त्याचा सांगाडा वर काढण्यांत आला. जहाजावर यू झाडाच्या लाकडाचीं शंभराहून अधिक लांब धनुष्यें आणि हजारों बाण होते. कमींत कमी १७९ माणसांचीं हाडें मिळालीं. अॅन स्टर्लंड यांनीं तीं तपासतांना त्यांच्या लक्षांत एक गोष्ट आली. अंसकूटाचें टोक लहानपणीं निराळें असतें व विशी-पंचविशीच्या सुमारास तें उरलेल्या हाडाशीं एकजीव होतें. कांहीं थोड्या माणसांत मात्र तें जन्मभर सुटेंच राहतें. सामान्यतः हें प्रमाण शेंकडा ३ ते ६ इतकें असतें. मेरी रोझवरील खवाट्यांच्या हाडांत तें शेंकडा १२ च्या वर गेलें. त्या काळीं इंग्लंडांत मुलांना धनुर्विद्येचा सराव लहानपणापासून सक्तीनें करावा लागे, आणि युद्धाचें धनुष्य ओढण्यास शंभर पौंडांहून अधिक जोर लागे. कोंवळ्या वयांत खांद्याला असे हिसके बसल्यामुळें हाड जुळलें नाहीं, आणि हे खांदे तिरंदाजांचे होत, असें अनुमान स्टर्लंड यांनीं काढलें.

अनुमान आकर्षक आहे आणि तें खरेंही असूं शकेल. परंतु जहाजांतील हाडें समुद्रानें एकमेकांत मिसळून टाकलेलीं होतीं. अमका खवाटा तिरंदाजाचा व तमका खलाशाचा, असें ओळखण्यास नांवनिशी नव्हती. शिवाय जहाजावरील पुष्कळ लोक तरुण होते. त्यांतील कांहींचें हाड पुढें जुळलेंही असतें. सुटें अंसकूट कांहीं घराण्यांत वंशपरंपरेनेंही आढळतें. तेव्हां हाडांवरून धंदा सांगण्याच्या विद्येची परीक्षा घ्यावयाची, तर ज्यांचा धंदा आधींच लेखी ठाऊक आहे असे सांगाडे पाहिजे होते.

ती संधि लंडनमध्येंच आली. शहराच्या पूर्व भागांत स्पिटलफील्ड्स ही एके काळीं रेशीम विणणाऱ्या कोष्ट्यांची वसाहत होती. तेथील ख्राइस्ट चर्च या देवळाच्या तळघरांत अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत पुरलेल्या शवपेट्या इ. स. १९८४ ते १९८६ या काळांत बाहेर काढण्यांत आल्या. त्यांतील कित्येक पेट्यांवर मृताचें नांव, वय व मृत्यूची तारीख कोरलेल्या पट्ट्या होत्या; कागदपत्रांवरून अनेकांचे धंदेही समजले. टोनी वॉल्ड्रन व मार्गरेट कॉक्स यांनीं ३६७ प्रौढ सांगाडे तपासून इ. स. १९८९ मध्यें आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांपैकीं शेंकडा २९ सांगाड्यांत कोठें ना कोठें सांध्याची झीज होती, आणि वयाबरोबर तिचें प्रमाण वाढत होतें. पण कोष्ट्यांचे हात इतरांच्या हातांहून अधिक झिजलेले नव्हते. हातानें कष्ट करणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही धंद्याचा संबंधही शरीरांतील कोणत्याही सांध्याच्या झिजेशीं जुळला नाहीं. जन्मभर माग चालविलेला कोष्टी आणि गादीवर बसून हिशेब पाहिलेला व्यापारी यांच्या सांध्यांवरून कोण कोणता, हें सांगतां आलें नाहीं. झीज होण्यास वय, आनुवंशिकता, शरीराची ठेवण, जुनी दुखापत, अशीं अनेक कारणें एकत्र येतात. श्रम हें त्यांपैकीं एक. म्हणून सांगाड्याच्या खांद्यावर झीज दिसली, तर त्या मनुष्याचा खांदा झिजला होता एवढें म्हणतां येतें. तो भालाफेंक्या होता कीं नावाडी, हें त्याच्याजवळ सांपडलेल्या वस्तु व त्याच्या समाजाची माहिती यांचा आधार असल्याशिवाय म्हणतां येत नाहीं.

प्राचीन हाडांविषयींची ही चूक झाली तरी तिनें मेलेल्यांचें कांहीं बिघडत नाहीं. जिवंत माणसांच्या बाबतींत तशीच चूक झाली, तिचा परिणाम मात्र गंभीर झाला. अमेरिकेंत क्लीव्हलंड येथें इ. स. १९१२ ते १९३८ या काळांत तीन हजारांहून अधिक सांगाड्यांचा मोठा संग्रह तयार झाला. त्यांतील बहुतेक मृत हे शहरांतील गरीब लोक असून त्यांचीं प्रेतें न्यावयास कोणी आलेलें नव्हतें. वय व मृत्यूचें कारण नोंदलेले असे संग्रह आणि शवविच्छेदनासाठीं आलेलीं प्रेतें, यांवरून आधुनिक शस्त्रवैद्यांनीं खांद्याचें पुष्कळ ज्ञान मिळविलें. इ. स. १९७२ मध्यें न्यूयॉर्कचे शस्त्रवैद्य चार्ल्स नीअर यांनीं शंभर खवाट्यांचीं हाडें तपासल्याचें प्रसिद्ध केलें. त्यांपैकीं ११ हाडांत अंसकूटाच्या पुढच्या भागीं, खालच्या बाजूस, नवीन हाडाचे कोंब वाढलेले त्यांना दिसले. हात वर उचलतांना कंडरांचा पट्टा या कोंबांखालीं चिरडला जातो, त्यामुळें खांदा दुखतो आणि शेवटीं कंडरा फाटते, असा सिद्धांत त्यांनीं मांडला. फाटलेल्या कंडरांपैकीं शेंकडा ९५ या कारणानेंच फाटतात, असें त्यांचें पुढें मत झालें. इ. स. १९८६ मध्यें बिग्लियानी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १४० खांदे तपासून अंसकूटाचे सपाट, वांकडा व आंकड्यासारखा असे तीन प्रकार सांगितले. फाटलेल्या कंडरा बहुतांशीं आंकड्यासारख्या अंसकूटाखालीं सांपडल्या.

यावरून उपाय सरळच निघाला: छप्पर खालून तासून जागा मोकळी करावयाची. दुर्बीण घालून लहानशा छिद्रांतून ही क्रिया करतां येऊं लागल्यावर तर तिचा सपाट्यानें प्रसार झाला. एकट्या इंग्लंडमध्यें इ. स. २००० सालीं अशा सुमारें २,५०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. २०१० सालीं त्यांची संख्या २१,००० च्या वर गेली. परंतु आंकडा आणि फाटलेली कंडरा एके ठिकाणीं दिसली, एवढ्यावरून आंकड्यानें कंडरा फाडली हें सिद्ध होत नव्हतें. कंडरा वयानें अशक्त झाली, गोळा वर सरकूं लागला, आणि त्या ओढीमुळें छपराला कोंब फुटले, असा उलटा क्रमही संभवनीय होता. हाडावर परिणाम दिसतो; तो कोणत्या कारणाचा, हें हाड बोलून दाखवीत नाहीं.

शेवटीं याची परीक्षा जिवंत माणसांवर, त्यांची संमति घेऊन झाली. ब्रिटनमधील ३२ रुग्णालयांत ३१३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें तीन गट करण्यांत आले. पहिल्या गटाचें हाड तासलें, दुसऱ्या गटाच्या खांद्यांत दुर्बीण घालून आंत नुसतें पाहिलें व हाडाला हात लावला नाहीं, आणि तिसऱ्या गटावर कोणतीच शस्त्रक्रिया केली नाहीं. पहिल्या दोन गटांतील रुग्णांना आपण कोणत्या गटांत आहों हें कळूं दिलें नाहीं. इ. स. २०१८ मध्यें लॅन्सेट या नियतकालिकांत निकाल प्रसिद्ध झाला. हाड तासलेले व न तासलेले या दोन्ही गटांना सारखाच आराम पडला होता. शस्त्रक्रिया न झालेल्या गटापेक्षां त्यांना जो किंचित् अधिक आराम वाटला, तो व्यवहारांत जाणवण्याइतका नव्हता. त्याच वर्षीं फिनलंडमधील प्रयोगाचा निकालही तशाच स्वरूपाचा निघाला. मेलेल्या माणसाच्या खवाट्यावर दिसलेल्या एका कोंबावरून निघालेलें अनुमान शेंकडों-हजारों जिवंत खांद्यांवर चालविलें गेलें, आणि त्याची खरी कसोटी लागण्यास ४६ वर्षें जावीं लागलीं.

दुखणें आणि हाडाचें किंवा कंडरेचें बिघडलेलें रूप हीं दोन्ही नेहमीं एकत्र नांदत नाहींत, हें दुसऱ्या बाजूनेंही दिसून आलें आहे. इ. स. १९९५ मध्यें अमेरिकेंत, ज्यांना खांद्याची कोणतीही तक्रार नव्हती अशा ९६ माणसांच्या खांद्यांचीं चुंबकीय यंत्रानें चित्रें काढण्यांत आलीं. त्यांतील शेंकडा ३४ जणांच्या कंडरा थोड्याबहुत फाटलेल्या निघाल्या. साठीच्या पुढील माणसांत तर हें प्रमाण शेंकडा ५४ होतें. या लोकांना आपल्या खांद्यांत कांहीं बिघाड आहे याची कल्पनाही नव्हती. उद्यां त्यांचे सांगाडे कोणी पाहिले, तर त्यांनीं फार वेदना सोसल्या असतील अशी हळहळ तो व्यक्त करील. आणि ती अस्थानीं ठरेल.

याच्या अगदीं उलट प्रकार सुश्रुताच्या अवबाहुकाचा. आज ज्याला गोठलेला खांदा म्हणतात, त्या रोगाशीं या वर्णनाचें पुष्कळ साम्य आहे. सांध्याभोंवतींची पिशवी जाड होऊन आकुंचित होते. रात्रीं कुशीवर निजवत नाहीं, सदऱ्याच्या बाहींत हात घालवत नाहीं, स्त्रियांना मागें हात नेऊन वेणी घालतां येत नाहीं. बहुधा चाळिशी ते साठीच्या दरम्यान हा रोग येतो व मधुमेह्यांना तो इतरांपेक्षां अधिक वेळां होतो. महिनोन् महिने, कधीं वर्ष-दोन वर्षें तो छळतो आणि बहुतेकांचा हळूहळू कमी होतो. एवढा छळ करणारा हा रोग हाडावर ओळखतां येईल अशी खूण ठेवून जात नाहीं. हजारों वर्षांत किती जणांनीं तो सोसला, हें एकही सांगाडा सांगूं शकत नाहीं. ग्रंथांतील ती थोडकीं वाक्यें नसतीं, तर प्राचीनांना तो ठाऊक होता हेंही समजलें नसतें. याउलट क्षयरोग खांद्यांत शिरला तर गोळा व उखळ दोन्ही पोखरून टाकतो व आपली ओळख हाडावर ठळक लिहून ठेवतो. अशाच एका क्षयग्रस्त खांद्यासाठीं इ. स. १८९३ मध्यें पॅरिस येथें शस्त्रवैद्य पेआँ यानें प्लॅटिनम व कठीण केलेलें रबर यांचा कृत्रिम सांधा बसविला. तो रुग्ण ३७ वर्षांचा पाव भाजणारा होता. रोग पुन्हां उसळल्यामुळें दोन वर्षांनीं तो सांधा काढून टाकावा लागला; पण मनुष्याच्या शरीरांत बसविलेल्या खांद्याच्या कृत्रिम सांध्याचा आरंभ तेथूनच धरला जातो.

तेव्हां प्राचीन व अर्वाचीन खांद्यांची तुलना केली असतां काय निष्पन्न होतें? रोग बहुतांशीं तेच आहेत. तोच लहान सांधा झिजतो, तीच उथळ उखळ दगा देते, त्याच कंडरा वयाबरोबर विरतात. फरक पडला आहे तो आयुर्मानाचा. पूर्वीं साठी-सत्तरी गांठणारे थोडे होते. आतां ते पुष्कळ आहेत, म्हणून झिजलेले खांदेही पुष्कळ दिसतात. दुसरा फरक असा कीं, प्राचीन मनुष्याचा खांदा त्याच्या मृत्यूनंतर पाहिला जातो, तर आजच्या मनुष्याला स्वतःच्या खांद्याचें हाड जिवंतपणींच क्ष-किरणांच्या चित्रांत पाहावयास मिळतें. पन्नाशी उलटलेल्या कोणा गृहस्थाच्या हातांत असें चित्र पडतें, त्यावर कंगोरा दाखविला जातो, आणि त्या क्षणापासून त्याला आपला खांदा मोडकळीस आला असें वाटूं लागतें. भीतीनें तो हात हलविणें सोडतो, आणि न हलविलेला खांदा अधिकच आंखडतो.

अशा गृहस्थानें स्पिटलफील्ड्सचे कोष्टी आठवावेत. झिजलेले सांधे घेऊन त्यांच्यापैकीं कित्येक उतारवयापर्यंत जगले. त्या झिजेवरून त्यांच्या श्रमाचा अंदाज शास्त्रज्ञांनाही करतां आला नाहीं, मग त्यांच्या वेदनेचा तर राहोच. चित्रांतील कंगोरा ही त्या खांद्याच्या वयाची खूण आहे; तोच दुखण्याचें कारण आहे कीं नाहीं, हें वैद्यानें रुग्णाचें म्हणणें ऐकून, हात कोठवर उचलतो व कोणत्या दिशेला अडतो हें पाहून ठरवावयाचें असतें. सांगाडे तपासणाऱ्याला तशी सोय नाहीं. त्याच्यापुढचा मनुष्य कांहीं सांगूं शकत नाहीं. जिवंत रुग्ण समोर बसला असतांना त्याला न विचारतां केवळ हाडाकडे पाहण्याचें कारण वैद्याला उरत नाहीं.